जुन्या पुस्तकातली गणितं

खुर्सीपार, भिलाई (म. प्र.)
६ नोव्हेंबर १९८३

पुंडलिक काकास शीलाचा जयभीम.

बाबा दवाखान्यातून घरी आले. दिमागी मलेरिया उतरला. आता भाकर खातात, अंगणात फिरतात, आईवर चिडतातही, म्हणजे बरेच आहेत असं आई म्हणते. पण काका, मले तसं वाटत नाही, म्हून आईले न सांगता लिहून राहिली.

डॉक्टर म्हणाले, शरीर ठीक आहे, जानेवारीत पुन्हा तपासू आणि मग क्रेनवर चढायचं की नाही ते ठरवू. तुम्ही प्लांट आतून पाहिला नाही म्हून सांगते. बाबा वर छताजवळच्या केबिनमध्ये बसतात. त्यांच्या क्रेनला वितळलेल्या लोखंडाची बादली लटकते, लॅडल म्हणतात तिले, आपल्या खोलीएवढी. खाली माणसं काम करून राहतात. देवरावकाका खालून हात हलवून सिग्नल देतात आणि बाबा बादली त्यांच्या डोक्यावरून नेतात. इतक्या वर्षांत एक थेंब सांडला नाही. आमच्या गल्लीत बाबांना कोणी कवडूभाऊ म्हणत नाही, क्रेनवाले कवडूभाऊ म्हणतात.

आता पहा. संध्याकाळी विहारात बाबा पोट्ट्यांचा गणिताचा क्लास घ्यायचे, ते आल्यापासून एकदाही गेले नाहीत. पोट्टे येतात, बाबा म्हणतात उद्या. माझ्या शाळेत नववीचे गुणनखंड सुरू आहेत, तुम्ही अवयव म्हणता ते. मी वही घेऊन गेली तर म्हणाले डोकं दुखते. गणित म्हटलं की जेवण सोडून उठणारा माणूस, काका. तुम्ही मास्तर आहात, काहीतरी सांगा.

तुमची
शीला

पुलगाव, जि. वर्धा
१४ नोव्हेंबर १९८३

चि. शीलास जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी घाबरलो, मग हसू आलं. अगं, एवढ्या तापातून उठलेल्या माणसाला लगेच वही दाखवतेस, वर डोकं का दुखतं विचारतेस. शहाणी आहेस.

तरी तुझ्या समाधानासाठी एक करू. माझ्याजवळ आपलं निळ्या पुठ्ठ्याचं जुनं बीजगणित आहे. त्याच पुस्तकावर दादानं मला गावी अवयव शिकवले. स्वतः शाळा सोडून भिलाईला निघाला होता, तरी जायच्या आधी माझ्याकडून प्रत्येक उदाहरण घोटून घेतलं. चूक झाली की कान, बरोबर आलं की पाटीच्या कोपऱ्यात खडूनं बरोबरची खूण. ती खूण मिळावी म्हणून मी जेवायचा थांबायचो.

त्यातली काही उदाहरणं सोबत पाठवतो. पहिलं हे घे: क्ष² + ११क्ष + २४. तुला रीत सांगून ठेवतो. असे दोन आकडे शोधायचे की गुणाकार २४ आला पाहिजे आणि बेरीज ११. गुणाकार जमवणारे आकडे पुष्कळ मिळतात, बेरीजही पुष्कळ जमवतात. दोन्ही एकदम जमवणारी जोडी मिळाली की मधल्या पदाची फोड झाली. यात पाठांतर चालत नाही, शोधावंच लागतं. म्हणून डोकं तपासायला यापेक्षा चांगलं औषध नाही. दादापुढे ठेव आणि काय होतं ते कळव. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा
पुंडलिककाका

खुर्सीपार
२२ नोव्हेंबर १९८३

पुंडलिक काकास जयभीम.

काका, बाबांनी सगळी सोडवली. सगळी. कागद नाही, पेन्सिल नाही. खाटेवर पडून होते, मी वाचून राहिली आणि ते छताकडे पाहून उत्तर सांगत होते. "क्ष वर्ग अधिक अकरा क्ष" एवढं मी म्हटलं, तर म्हणाले "आठ अन् तीन, पुढचं घे." मी २४ म्हणायच्या आधीच. मी वहीत मांडून पाहिलं, प्रत्येक बरोबर.

आई दारात उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, पाह्य, तुझ्या बापाच्या डोक्याले काही झालं नाही, तुझ्याच डोक्याले झालं आहे. शेजारच्यांना बोलावून चहा पाजला. मले बोलणं बसलं, पण आनंदही झाला. बाबा मात्र चहा पिऊन गुपचूप बसले होते. थकले असतील.

शीला

पुलगाव
२९ नोव्हेंबर १९८३

आदरणीय दादास पुंडलिकचा जयभीम.

शीलाचं पत्र आलं. शाळेत शिक्षकखोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. माझे दहावीचे पोट्टे एकेका उदाहरणाला अर्धा तास घेतात आणि माझा दादा आजारातून उठून खाटेवर पडल्या पडल्या अवयव पाडतो, म्हणजे काय समजावं.

आता कशाची भीती नाही. जानेवारीत डॉक्टर विचारतील, तेव्हा बिनधास्त सांग की मी तयार आहे. पोरीच्या मनात शंका आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तू त्या केबिनमध्ये परत बसल्याशिवाय मलाही चैन पडणार नाही. तू वर चढलास म्हणून मी इथे मास्तर होऊन बसलो आहे, हे मी रोज फळ्यासमोर उभा राहताना विसरत नाही.

तुझा
पुंडलिक

खुर्सीपार
८ डिसेंबर १९८३

पुंडलिक काकास जयभीम.

काका, तुमचं पत्र बाबांनी आईकडून दोनदा वाचून घेतलं आणि उशाखाली ठेवलं. आता मी जे लिहून राहिली ते तुम्हाला आवडणार नाही.

तुमची उदाहरणं संपली म्हून मीच एक बनवलं. दुसरं काही केलं नाही, त्या पहिल्याच उदाहरणातल्या मधल्या ११ चे १० केले. क्ष² + १०क्ष + २४. उत्तर सहा आणि चार. बाबांना वाचून दाखवलं तर तेच म्हणाले, आठ अन् तीन. मी हसली. म्हटलं, बाबा, बेरीज तर करा. त्यांनी बोटांवर केली, अकरा. म्हणाले, बरोबर तर आहे. मी म्हटलं, दहा पाहिजे. तर रागानं पाहून म्हणाले, "आठ त्रिक चोवीस, तुले एवढंही येत नाही काय?"

मग मी दुसऱ्यांमध्ये आकडे बदलून पाहिले. प्रत्येक वेळी जुनंच उत्तर. काका, त्यांनी तुमची उदाहरणं सोडवलीच नाहीत. ती त्यांना पाठ आहेत. त्यांनीच तुमच्याकडून घोटून घेतली होती ना.

नवीन उदाहरण दिलं की गुणाकार जमवतात आणि बेरीज काय पाहिजे होती तेच विसरतात. सांगितली की बेरीज धरतात आणि गुणाकार हातचा जातो. उलट, दोन कंस देऊन गुणायला सांगितलं तर एक पायरी चुकत नाही. सरळ जाता येते त्यांना, शोधता येत नाही.

आणि परवाचं सांगते. मले सायकलीच्या कॅरिअरवर बसवून उतईच्या बाजूला चालले होते, आईच्या मावशीकडे. नाक्यावर उजवीकडून ट्रक आला, बाबांनी नीट पाहिला, थांबले, जाऊ दिला. आणि डावीकडचा टेम्पो त्यांना दिसलाच नाही. मी ओरडली म्हून वाचलो. बाबा म्हणाले, कुठून आला बाप्पा हा? तो केव्हाचा समोरच होता, काका.

क्रेनवर एक डोळा बादलीवर लागते आणि एक देवरावकाकांच्या हातावर. मले भेव लागून राहिला. तुम्ही बाबांना नका चढू म्हणा. माझं कोण ऐकते?

शीला

पुलगाव
१५ डिसेंबर १९८३

चि. शीलास आशीर्वाद.

तू आजीबाईचा आव आणायला लागली आहेस, ते आधी बंद कर. चार आठवड्यांपूर्वी तुला अवयव म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि आता दादाच्या डोक्याचं निदान करतेस. टेम्पो कोणालाही दिसत नाही. मी स्वतः मागच्या महिन्यात स्टेशनजवळ हातगाडीवर आदळलो, मग मीही शाळेत जायचं बंद करू काय?

तुला ठाऊक नाही, दादा क्रेनवरून उतरला म्हणजे त्याला काय उरते. सतरा वर्षांचा होता. वर्गात पहिला यायचा. आमचे बाबा गेले आणि त्यानं पाटी माझ्या हातात दिली, म्हणाला, आता दोघांचं तू शिक. ते पोरगं त्या भट्टीच्या धगीत एवढं उंच चढून बसलं. त्याला खाली उतर असं मी म्हणू? माझ्या हातून ते लिहिलं जाणार नाही.

तरी तुझं तोंड बंद व्हावं म्हणून हे एक उदाहरण देतो: क्ष² + २१क्ष + १०४. हे कोणत्याही पुस्तकात नाही, आत्ता या टेबलावर बनवलं आहे. सोडव असं सांगू नकोस, समोर ठेव फक्त. उत्तर आलं की मला कळव, आणि स्वतःच्या कानाला स्वतःच हात लाव.

पुंडलिककाका

खुर्सीपार
२४ डिसेंबर १९८३

पुंडलिक काकास जयभीम.

मी समोर ठेवलं फक्त.

बाबा अंगणात उन्हात पाटी घेऊन बसले. पहिले ५२ आणि २ लिहिले, पुसले. मग २६ आणि ४ लिहिले आणि खूप वेळ पाहत राहिले. गुणाकार तर १०४ येते, पण त्यांना वाटून राहिलं होतं की काहीतरी राहिलं. मी भांडी घासत होती, बोलली नाही. मग काका, त्यांनी १३ आणि ८ लिहिले. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तेरा आठे चौऱ्याण्णव, नाही, एकशेचार असं पुटपुटत गुणाकार केला, तो जमला, आणि तोपर्यंत बेरीज किती पाहिजे ते गेलं. पाटीच्या वर लिहिलेलं होतं, तरी वर पाहायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी १३ आणि ८ वर काट मारली. आपल्याच हातानं, बरोबर उत्तरावर.

मग मले विचारलं, "हे आपल्या पुस्तकातलं नाही ना?" मी नाही म्हटलं. "पुंडलिकनं बनवलं?" मी हो म्हटलं. त्यांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि आत गेले.

आईनं सगळं पाहिलं. म्हणाली, बापाची परीक्षा घेणारी पोरगी मी पहिल्यांदा पाहिली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, वाढते तेही बाबांच्या हातून. ती म्हणते, क्रेन गेली तर लोक काय म्हणतील, कवडूभाऊ कामातून गेले. मले तिचाही राग येत नाही. ती दवाखान्यात बाबांच्या पायाशी बसून होती, तिले आता सगळं पहिल्यासारखं पाहिजे.

तपासणी नऊ जानेवारीला आहे. बाबा डॉक्टरला तयार आहे म्हणाले तर चढतील. फक्त तुमचं ऐकतात, काका. तुम्हीच लिहा.

शीला

खुर्सीपार
४ जानेवारी १९८४

काका, तुमचं पत्र नाही. मी रोज पोस्टमनची वाट पाहून राहिली. कावून लिहीत नाही तुम्ही? रागावले असाल तर रागवा, पण बाबांना एक ओळ तरी धाडा. नऊ तारीख आली.

शीला

खुर्सीपार
१२ जानेवारी १९८४

चि. पुंडलिक, जयभीम.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. शीला म्हणे मी लिहिते, पण मी म्हणलं, मीच लिहीन. एक ओळ झाली की पुढची सुचते. तेवढं जमते.

पोरीनं तुले काय काय लिहिलं ते मले माहीत आहे. तिच्यावर रागावू नको. तिनं शोधलं त्याच्या आधीपासून मले समजलं होतं. तुझी पहिली गणितं मी खाटेवर पडून सांगितली ना, तवा सारे खुशीत चहा पिऊन राहिले होते. मले उत्तर येत होतं, पण ते कुठून येते ते समजत नव्हतं. गणित सुटलं की आत कसं खट्कन बसते, तुले माहीत आहे. तसं काहीच बसलं नाही.

तरी मी गप राहिलो. तू लिहिलं, बिनधास्त सांग. तुझी वहिनी पंचफुला म्हणे सांगा. मलेही वाटे, वर गेलो की हात आपोआप चालतील. मी हो म्हणणार होतो, पुंडलिक. तुझ्यापासून काय लपवू.

सहा तारखेले देवराव भेटाले आला. मी त्याले सहज विचारलं, माझ्या जागी नवा पोट्टा चढते, कसा चालवते? देवराव म्हणे, "चांगला चालवते, पण मान दुखून जाते आमची. सारखं वर पाहत राहा लागते. तू वर असला की आम्ही कोणी मान वर करत नव्हतो. लवकर ये रे बाबा." आणि हसला.

मी तुले सांगतो, त्या लॅडलची धग मले कधी एवढी लागली नाही. खाली माणसं मान न उचलता काम करतील, कावून तर वर कवडू आहे. आणि वर कवडू बादली पाहील तर त्यायले विसरून जाईल. मी तुझ्या पत्राची वाट पाहिली. नाही आलं. तू मले खोटं लिहू शकला नाही आणि खरंही लिहू शकला नाही, तवा मले माझं उत्तर भेटलं.

नऊ तारखेले डॉक्टरनं हात पाहिले, डोळे पाहिले, चालवून पाहिलं. मग विचारलं, चढू शकता ना? मी म्हणलं, साहेब, मले एक दिसते तवा दुसरं सुटते, मले वर पाठवू नका. बाहेर बाकावर पंचफुला बसून होती. तिले सांगितलं. घरी येऊन माझा डबा घासला, जो माझ्या आजारापासून घासलेलाच होता, आणि रडत बसली.

आता मले स्टोअरमध्ये दिलं आहे. हातमोजे, हेल्मेट वाटतो. लोक येतात, नमस्कार करतात, मोजे घेऊन लवकर निघतात. पह्यल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेडच्या दारातून वर पाहिलं. माझी क्रेन चालली होती. लय वाईट वाटलं, पुंडलिक. खोटं कशाले बोलू.

एक गोष्ट मात्र ऐक. काल शीला मले ओढून विहारात घेऊन गेली. तिथं आता तीच पोट्ट्यायले अवयव शिकवते. त्यायची गणितं संपली होती. तर ती म्हणे, बाबा, तुम्ही दोन कंस घ्या अन् गुणा, उत्तर फळ्यावर लिहा, आम्ही ते फोडतो. मी कागदावर लपवून गुणलं. एक पायरी, मग दुसरी पायरी. फळ्यावर लिहिलं. पोट्टे तुटून पडले. एकानं उत्तर आणलं, मी कागद पाहिला, जमलं होतं. त्याच्या पाटीवर खूण केली. म्हणजे गणित मले सोडवता येत नाही, पण बनवता येते. किती दिवस येईल ते नाही सांगता येत.

तुझ्यासाठी एक बनवलं आहे. पुस्तकातलं नाही.

क्ष² + १९क्ष + ८४

उत्तर धाड.

तुझा दादा
कवडू

पुलगाव
१८ जानेवारी १९८४

दादा, जयभीम.

तुझं पत्र काल आलं. मी दोन पत्रं तुला लिहिली होती, दोन्ही फाडली, ते तू ओळखलंसच. शीलाला सांग, काकानं स्वतःच्या कानाला हात लावला आहे, आणि ती मास्तरीण म्हणून माझ्यापेक्षा बरी निघाली. वहिनीला मी वेगळं लिहितो. उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहत नाही, पुढच्या शनिवारच्या गाडीनं निघतो. भिलाईला आलो की आधी तुझं स्टोअर पाहायचं आहे.

तू क्रेनवरून उतरला हे मले सहन होत नव्हतं. तू वर असला की मलेही मान वर करा लागत नव्हती, दादा. देवरावसारखाच मी. म्हून मी जुन्या पुस्तकातली गणितं पाठवली. मुद्दाम नाही, पण पाहा, हात त्याच पुस्तकाकडे गेला.

तुझं गणित वर्गात नाही सोडवलं. घरी पाटी घेऊन बसलो. पहिले १४ आणि ६ लिहिले. गुणाकार ८४ जमला, म्हून तसाच लिफाफ्यात टाकणार होतो. मग बेरीज करून पाहिली, वीस आली. डोळ्यांत पाणी होतं, समोरचं धड दिसत नव्हतं. पुसलं आणि पुन्हा बसलो.

(क्ष + ७)(क्ष + १२)

ताळा मी केला नाही. तू गुणून पाहा. बरोबर असलं तर शनिवारी मी येईन तेव्हा खडू घेऊन ठेवजो, पाटी मी आणतो.

तुझा
पुंडलिक